भिंतीवरची तुर्सुनोय

काराकोल, ९ मार्च

प्रिय सौदात ओपा,

सलाम. ओयी, तू, शेळी, अंगणातली तुती, झाडून सगळ्यांची खुशाली विचारते. तुझा गुडघा कसा आहे? मागावर बसताना खाली जुनी गोधडी घे म्हटलं होतं, घेतेस की नाही? मोठी बहीण असलीस म्हणून धाकटीचं ऐकायचंच नाही असं काही नसतं.

मी मजेत आहे. इकडे अजून बर्फ आहे. ओसरीच्या पायऱ्या सकाळी फावड्यानं मोकळ्या करते आणि संध्याकाळपर्यंत त्या पुन्हा पांढऱ्या होतात. गेस्ट हाउसमध्ये सध्या बर्फावर घसरायला आलेलं एक पोलिश जोडपं आहे. बाई गोड आहे, पण बाप्या रोटी उलटी ठेवतो. मी दोन दिवस काही न बोलता ती सरळ केली. मग आपल्या केन्जेकान एजेनं, म्हणजे चुली सांभाळायला येते ती शेजारीण, त्याच्या हातावर चमचाच मारला. आता तो रोटी दोन्ही हातांनी, मूल उचलावं तशी उचलतो.

तू शिवून पाठवलेली अस्तरं पोचली. निळ्या-पिवळ्या नक्षीची सगळ्यात आधी संपतील, नेहमीसारखी. डोंगरात तंबू घेऊन जाणारे लोक स्लीपिंग बॅगच्या आत ही रेशमी पिशवी घालून झोपतात आणि सकाळी येऊन मला सांगतात की इतकी छान झोप कधी लागली नव्हती. मी म्हणते, माझ्या बहिणीला सांगा. तुला आठवतं, तिबिलिसीत मी थंडीनं कुडकुडत होते आणि विकायला नेलेल्या तुझ्या रेशमाच्या ताग्याचीच पिशवी शिवून आत शिरले होते? शेजारच्या खाटेवरची मुलगी ती विकत मागायला लागली, तिथून हा धंदा उभा राहिला. ओयीनं पहिली पिशवी बघून तुला विचारलं होतं, ‘हे काय, जित्या माणसांची कफनं शिवायला घेतलीस?’ मी आईचं ते वाक्य माझ्या पहिल्या पुस्तकात घातलं आणि लोक खूप हसले.

तिसऱ्या पुस्तकाचं विचारशील. चाललं आहे. ताश्कंदहून प्रकाशक विचारतो, त्यालाही मी तेच सांगते.

तर तुझं पत्र. फोन करू नकोस असं तू त्यात इतक्यांदा लिहिलं आहेस की मला हसू आलं. नंतर नाही आलं. गेल्या वेळी ओयीनं फोन कानाला लावला आणि मी ‘ओयी, मी तुर्सुन’ म्हटल्यावर ती जे बोलली ते मला वाटलं की नीट ऐकू आलं नाही. तू लिहिल्यावर कळलं की नीटच ऐकू आलं होतं. ‘माझी पोर इथे माझ्यापाशी बसली आहे. तू कोण बये, तिचा आवाज घेऊन बोलतेस?’ त्यानंतर ती दिवसभर दाराला कडी लावून बसली म्हणतेस. फोन तांदळाच्या पेटीत ठेवलास ते बरं केलंस. पत्रच लिहीन.

आणि ती रोटी. तू लिहिलंस की ओयीनं खुर्चीवर चढून ती खिळ्यावरून काढली, चहात भिजवली आणि उरलेल्या चार दातांनी अख्खी खाल्ली. तू दुकानातून आलीस तेव्हा ताटात चुरासुद्धा नव्हता. बारा वर्षांची रोटी, ओपा! विटेसारखी झाली असेल. पोट तरी दुखलं नाही ना तिचं?

मी निघाले तो दिवस तुला आठवत असेल, तू दाराशी उभी होतीस. सैन्यात जाणारे मुलगे रोटीला दात लावून जातात, पोरी नाही. ओयीनं तंदूरमधून काढलेली रोटी माझ्या तोंडासमोर धरली. ‘मुलासारखी निघालीस ना? मग मुलासारखा घास घे. उरलेली परत येऊन खायची.’ मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल. तिनं खिळा ठोकला. बारा वर्षं मी तुम्हाला फरगान्याच्या इस्पितळात भेटले, तिथल्या बाजारात भेटले, पण उंबरा ओलांडला नाही. दर नवरोजला म्हणायचे, पुढच्या नवरोजला.

आता ओयीनंच खाल्ली म्हणजे तिच्या लेखी मी परत आले. ठीक आहे. तिला बरं वाटत असेल तर मला काय? फक्त एक सांग. ती दिवसभर काय करते? म्हणजे मी. तिथे, घरात, मी काय करते?

तू विचारलंस येतेस का. पाहुण्यांचा हंगाम तोंडावर आला आहे. बघू.

तुझी,
तुर्सुनोय


काराकोल, २२ एप्रिल

प्रिय ओपा,

सलाम. नवरोज कसा झाला? गव्हांकुरांच्या सुमालाकची कढई कुणी ढवळली? आमच्याकडे गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. केन्जेकान एजे पळी घेऊन उभी होती आणि सगळ्यांवर ओरडत होती. सफरचंदांना कळ्या आल्या आहेत. तंबू धुऊन वाळत घातले, दोन फाटलेत.

तुझं पत्र मी सकाळी पोस्टातच फोडलं आणि बाकावर बसून वाचलं. नंतर घरी येऊन वाचलं. मी विचारलं होतं म्हणून तू सगळं लिहिलंस, त्याबद्दल तुझ्यावर रागावायला नको. पण राग आला.

मी पहाटे उठते. गाद्या गुंडाळते. ओयीचे केस विंचरते आणि वेणीत जुनी चांदीची घुंगरं बांधते. रेशमाच्या किड्यांना तुतीचा पाला आणते. उलट बोलत नाही. शेजारची मोहब्बत खाला आली की उठून तिच्यासाठी जागा करते. ओयी शेजाऱ्यांना सांगते, ‘आमची तुर्सुनोय आली, आता कुठे जायची नाही.’ ओपा, वाचता वाचता मला ती पोरगी आवडायला लागली. मग पत्राच्या तळाशी, जागा उरली नव्हती तिथे आडव्या ओळीत, तू लिहिलंस: हे सगळं मीच करते, ओयी मलाच तुर्सुनोय म्हणते.

आणि सौदात कुठे आहे विचारलं तर म्हणते, ‘गेली ती. रस्त्यावर असते. ती कसली फोन करते!’

मी बाकावरून उठले आणि घराच्या उलट्या दिशेला चालत सुटले. सांगते का ते. ओयी विसरेल याची तयारी मी केली होती, म्हातारी माणसं विसरतात. पण ती विसरलेली नाही. तिनं आपल्या दोघींना फक्त इकडचं तिकडे ठेवलं आहे. बाबांच्या आजारपणात तुझं लग्न राहिलं, तू मागावर बसलीस ती बसलीसच, मार्गिलानच्या बाहेर फरगान्यापलीकडे गेली नाहीस. आणि आता त्या घरात तुझ्या नावाची एक बाई आहे, ती उनाड आहे, जगभर हिंडते आणि आईला फोन करत नाही. तू तिथेच बसून हे ऐकतेस आणि ‘हो ओयी’ म्हणतेस. कसं जमतं तुला?

मी एजेला सांगितलं. न सांगून करते काय, तिनं माझ्या तोंडावरूनच ओळखलं. म्हणाली, “आईचं काय पत्र आलं?” मी सांगितलं. ती भट्टीजवळ बसून ऐकत होती. मग म्हणाली, “नाव तुर्सुनोय. ही पोर राहू दे रे देवा, म्हणून ठेवलेलं नाव. आणि तू बारा वर्षं एका जागी राहिली नाहीस. आईनं बिचारीनं राहणारी एक करून घेतली, तर तुला पोटात दुखतं?”

“मला कशाला पोटात दुखेल?”

“मग पोस्टातून आल्यापासून तेच भांडं का घासते आहेस?”

शुक्रवारी तिनं तेल तापवून कणकेचे बोरसोक तळले. मेलेल्यांना तळणाचा वास पोचतो म्हणून तळतात ते. मी विचारलं कुणासाठी, तर म्हणते, “तुझ्या भिंतीवरच्या पोरीसाठी. तिला खाऊन टाकलं ना? तिचंही कोणीतरी करायला पाहिजे.” मी हसले. मग खोलीत जाऊन दार लावून रडले.

आता तुला सांगते, कारण तुला नाही तर कुणाला सांगणार. पुस्तक चाललेलं नाही. तुझं मार्चचं पत्र आल्यापासून एक ओळ लिहिली नाही. बसते, पहिलं वाक्य लिहिते, आणि असं वाटतं की ऐकायला कुणी नाही. मी माझ्या पुस्तकांत मोकळ्या आयुष्यावर केवढं लिहिलं आहे! एकटीनं कसं निघावं, पोट कसं भरावं, कुणाच्या मेहेरबानीवर कसं राहू नये. मुली पत्रं पाठवतात, तुमचं वाचून घर सोडलं म्हणतात. आणि खरी गोष्ट अशी आहे की उलानबाटारच्या खोलीत तापानं फणफणले होते तेव्हा मी डोळे मिटून ती भिंत बघत होते. खिळा, रोटी, रोटीला माझ्या दातांची खूण. कुणीतरी वाट बघत आहे या भरवशावर मी हिंडले. आता वाट बघणं संपलं, मी पोचले. मग इथे जी बसली आहे ती कोण?

कधी कधी ओसरीवर कपडे वाळत घालताना वाटतं, कुणी विचारलं तर मला माझं नाव नीट सांगता यायचं नाही. एजेला हे बोलले नाही. ती आणखी बोरसोक तळेल.

तू म्हणतेस लवकर ये, डॉक्टरांनी मेंदूतल्या बारीक नसांचं सांगितलं आहे, पुढच्या वर्षी ओयी असेल नसेल. मला कळतं गं. पण मी दारात उभी राहिले आणि तिनं विचारलं, ही कोण बाई माझ्या पोरीचा चेहरा लावून आली आहे, तर? फोनवर ती घाबरली तर तू फोन लपवलास. मला कुठे लपवशील?

तुझी,
तु.


काराकोल, ३० मे

ओपा,

आज खुशाली विचारत नाही, डोक्यात एकच आहे ते आधी लिहिते.

पासपोर्ट काढ. लगेच. मोहब्बत खालाच्या जावयाला सांग, तो त्या कचेरीत आहे.

मी येते. पण तुर्सुनोय म्हणून येत नाही, सौदात म्हणून येते. ओयीच्या लेखी सौदात बाहेर आहे ना? मग सौदातनं परत यावं, यात घाबरण्यासारखं काय आहे? उलट कुणीतरी परत आलं की तिला बरंच वाटेल. मी ओयीजवळ राहीन. आणि तू माझ्या जागी इकडे ये, हंगामभर गेस्ट हाउस सांभाळ.

तू काय लिहिशील मला माहीत आहे, म्हणून उत्तरं आधीच देते. रशियन नीट येत नाही: पाहुण्यांनाही येत नाही. या वयात लोक काय म्हणतील: जे मला चोविसाव्या वर्षी म्हणाले तेच, शब्द पाठ आहेत त्यांना. तंबू उभारता येत नाही: माग उभारता येतो ना? मग तंबू म्हणजे पोरखेळ. अस्तरं शिवायचं काय: मशीन घेऊन ये, ओसरीत उजेड चांगला येतो.

ओपा, मी उपकार करत नाही. भीतीनं माझी झोप उडाली आहे. ती मरायच्या आत मला तिच्या शेजारी बसायचं आहे, आणि बसायला त्या घरात एकच नाव मोकळं आहे, तुझं. ते मला दे.

तुर्सुनोय


मार्गिलान, १७ सप्टेंबर

प्रिय सौदात ओपा,

सलाम. तुझं पत्र आलं आणि मी ते उभ्या उभ्याच वाचलं. तू मालवाहू ट्रकच्या मागे बसून गरम पाण्याच्या कुंडापर्यंत गेलीस! त्या रस्त्यावर धडधाकट बाप्ये उलट्या करतात. आणि गुडघा त्या पाण्यात बुडवून संध्याकाळपर्यंत बसलीस, फ्रेंच बायांनी तुला गाणं शिकवलं, आणि केन्जेकान एजेशी तंदूर कसा सारवायचा यावरून तुझा अबोला झाला. तिनं अबोला धरला म्हणजे तिला तू आवडलीस. माझ्याशी पहिलं वर्षभर धरला होता.

इकडे द्राक्षं उतरवली. बेदाण्यासाठी गच्चीवर टाकली आहेत. शेळीला दोन पिल्लं झाली. ओयीची तब्येत बरी आहे, फक्त जेवण कमी झालं आहे आणि दुपारची झोप वाढली आहे. डॉक्टर येऊन गेले, बोलले फारसं नाही. तुझ्या मागावर मी बसून पाहिलं. मोहब्बत खाला बघायला आली आणि हसून हसून तिचा रुमाल सुटला.

तू लिहितेस, ‘मी गेल्यावर घरी काय झालं ते तू अजून नीट सांगितलं नाहीस.’ खरं आहे. टाळत होते.

तू होतीस तोवरचं तुला माहीत आहे. ओयीनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, ‘आलीस सौदात?’ म्हणाली आणि अर्धी पियाली चहा दिला, पाहुण्याला देतात तसा. तुझी टॅक्सी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी दारात होते. मग आत आले. आता ओयी विचारेल, तुर्सुनोय कुठे गेली? मी उत्तर ठरवून ठेवलं होतं, बाजारात गेली म्हणून. तिनं विचारलंच नाही. ती खिडकीजवळच्या गादीकडे वळून म्हणाली, “बघ तुर्सुन, तुझी ओपा कशी वाळून आली आहे. तिला आणखी चहा दे.”

गादीवर कुणी नव्हतं. आणि ओपा, मी पियाली पुढे करून उभी राहिले. खरंच सांगते, मला वाटलं कुणीतरी ती हातातून घेईल.

तेव्हापासून आम्ही तिघी आहोत. मी तीन पियाल्या मांडते, तीन गाद्या घालते. ओयी तिच्याशी हळू बोलते, माझ्याशी मोठ्यानं. ती काय उत्तर देते मला ऐकू येत नाही, पण ओयी मान डोलावते, हसते, मध्येच ‘पुरे गं’ म्हणते. पहिले काही दिवस मी त्या गादीकडे पाठ करून बसायचे. मानेवर कुणीतरी बघत असल्यासारखं वाटायचं. एकदा मी रागानं ती गादी उचलून कपाटात टाकली. ओयी मध्ये न येता शांतपणे म्हणाली, “सौदात, तू हिंडून आलीस म्हणून घरात राहणारीला उठवायचं नसतं.” मी गादी परत घातली. चादर नीट केली, अभ्रा बदलला. आता मला भीती वाटत नाही. मत्सर वाटतो, तो रोज वाटतो.

आणि ओयी मला रस्त्याबद्दल विचारते. तिनं कधी विचारलं होतं का गं? फोनवर माझ्याशी ती दोनच गोष्टी बोलायची, जेवलीस का आणि कधी येतेस. आता सकाळी उठल्या उठल्या म्हणते, “हं, सौदात, काल घोड्यांपर्यंत आलो होतो. पुढे?” मी सांगते. मंगोलियातली वादळं सांगते, जॉर्जियात पाव भाजणाऱ्या बाईकडे राहून काम केलं ते सांगते, कझाकस्तानात गाडी बंद पडली आणि उंटवाल्यानं आम्हाला ओढत नेलं ते सांगते. तिला हसू आवरत नाही. मोहब्बत खालाला बोलावून माझ्याकडून पुन्हा सांगून घेते. “आमची सौदात! मागावरची सौदात! कुणाला वाटलं असतं?” तिचा चेहरा असा उजळलेला मी आधी पाहिला नव्हता. तो उजेड तुझ्या नावावर पडतो, माझ्यावर नाही. मी अंगणात जाऊन तोंड धुऊन येते आणि पुढे सांगते. रात्री झोपण्याआधी तेच लिहून काढते. पुस्तक चालू झालं आहे. प्रकाशकाला अजून सांगितलं नाही, कारण त्यात हिंडणारी बाई सौदात नावाची आहे.

परवा गाजरं चिरत होतो. पुलावाचं ओयीच करणार म्हणाली, तिच्या हाताला अजून सवय आहे. चिरता चिरता थांबली. गादीकडे पाहिलं, ती ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि माझ्या कानाशी वाकली. आवाज अगदी स्वच्छ होता, पूर्वीसारखा. जसं झालं तसं लिहिते.

“सौदात, तुला एक सांगते. तिला सांगू नकोस. ती रोटी मी मुद्दाम खाल्ली.”

“कुठली रोटी, ओयी?”

“येडीसारखं काय विचारतेस, हिची. भूक नव्हती मला. लोक म्हणतात म्हातारी चळली. तेव्हा नव्हते गं चळले. मला वाटलं, मी उद्या जाणार. माझ्या मागे ती रोटी भिंतीवर लोंबत राहणार. टाकून देता येत नाही, दुसऱ्याला खाता येत नाही. मग तू तिला लिहिणार, ये बाई, तुझी रोटी खाऊन टाक. ती येणार. आणि आली की तू तिला सोडणार नाहीस.”

“मी?”

“हो, तूच. दमली होतीस तू. तुला दोष देत नाही मी.” तिनं माझ्या हातावर थोपटलं. “म्हटलं, आपणच संपवून टाकावी. रोटी नाही तर बोलावणं नाही. तिचं तिकडे घर झालंय, चार माणसं तिला ओळखतात, स्वतःच्या हातानं कमावून खाते. राहू दे पोरीला तिकडे. सगळी दुपार लागली मला. हिरड्यांतून रक्त आलं.”

“मग?”

“मग काय! सकाळी डोळे उघडले तर ही माझ्या उशाशी बसलेली. मी सोडली आणि ही आली. आता आलेल्या पोरीला जा म्हणून कसं सांगू?”

ओपा, माझ्या हातात सुरी होती, ती मी खाली ठेवली. मी म्हणणार होते, ओयी, मी तुर्सुन. ही बघ माझ्या भुवईवरची खूण, तुझ्याच तंदूरवर पडून झालेली. शब्द दातांपर्यंत आले होते. पण ती गादीकडे बघत होती, आणि कशी बघत होती ते मी तुला सांगू शकत नाही. अशा नजरेनं तिनं मला एकदा जरी पाहिलं असतं तर मी गेलेच नसते, आणि गेले नसते तर तिनं तसं पाहिलं नसतं. मी सुरी उचलली. गाजरं चिरून संपवली. इतकं दुखलं की मला वाटलं आवाज होईल.

तिनं मला मोकळं केलं होतं आणि मला ते पत्रातून कळलं नाही. मला वाटलं, मी तिच्यातून पुसली गेले.

आता तू विचारलेलं. तू आडून आडून विचारतेस, तंदूरच्या भांडणाच्या मध्येच, ‘ओयी माझी आठवण काढते का?’ काढते. त्याच दिवशी पुलाव ढवळताना म्हणाली, “एकीसाठी मी भिंतीकडे बघत बसले आणि दुसरी पायाशी बसली होती तिच्याकडे बघितलंच नाही. सौदात, तू गेलीस तेव्हा मला मनातून बरं वाटलं बघ. वाटलं, चला, हिला तरी कळलं की दार उघडं आहे.” हे तुझ्यासाठी आहे, ओपा. मी फक्त मध्ये उभी होते. जसंच्या तसं तुला पाठवते आहे.

म्हणून सांगते. द्राक्षं संपली की परत येते असं तू लिहिलं आहेस. येऊ नकोस. तू दारात उभी राहिलीस की ओयी तुला तुर्सुनोय म्हणेल, आणि तुला पुन्हा त्या गादीवर बसावं लागेल. तुझ्याच्यानं नाही म्हणवणार नाही, मला माहीत आहे. ती गादी आता भरलेली आहे. हिवाळ्यात पाहुणे कमी असतात, एजेकडून बर्फावर चालायला शिक. वसंतात खिंड उघडली की तंबूवाल्यांबरोबर वर तळ्यापर्यंत जा, आणि तिथून काय दिसतं ते मला लिही, नीट लिही, सगळं लिही. मला ते ओयीला सांगायचं आहे. माझ्याकडचे रस्ते फार दिवस पुरणार नाहीत.

ती असेपर्यंत मी इथे आहे. नंतरचं नंतर बघू.

ओयी हाक मारते आहे. जाते. जरा उशीर झाला की ती गादीकडे बघून काळजीनं विचारते, ‘सौदात पुन्हा निघाली का गं?’

तुझी थोरली बहीण,
सौदात